सुपर सीडरची सेकंड शिफ्ट

बाबा रांझीच्या कारखान्यातून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही. सकाळी सातला ते कामावर हजर असतात. काम कोणतं, ते मागाहून ठरतं. शहराबाहेर पाटण रोडला थोडी शेती घेऊन ते आईसकट तिथं राहायला गेले. मोकळ्या हवेसाठी, म्हणे.

मोकळी हवा धान निघेपर्यंतच. हार्वेस्टर धान कापून जातो आणि मागे खुंट नि तणस, म्हणजे पेंढा, सोडून जातो. त्याला इकडे नरवाई म्हणतात. पुढे गव्हाची घाई, म्हणून लोक सरळ पेटवून देतात. आईला दमा. दर वर्षी ती पंप, स्वेटर आणि औषधं पिशवीत भरून माझ्याकडे रांझीला यायची, आणि बाबा तिकडे एकटे खिचडी खात बसायचे.

गेल्या वर्षी बाबांनी सुपर सीडर आणला. ट्रॅक्टरमागे जोडायचं हे यंत्र नरवाई कातरून मातीत मिसळतं आणि त्याच फेरीत गहू पेरतं. "यंदा तू कुठं जायचं नाही," त्यांनी आईला जाहीर केलं. यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मी कौतुकानं हात लावला तर म्हणाले, "बोटं पुसून ये." माझे केस पांढरे झालेत, पण बोटांवर त्यांचा अजून भरवसा नाही.

मी सुटी काढून मदतीला गेलो. मदत म्हणजे फडकं घेऊन मागे उभं राहणं. सकाळी सातच्या ठोक्याला ट्रॅक्टर सुरू झाला. शेत दवानं चिंब होतं. थोडं पुढे गेलो नाही तोच ओलं तणस पात्यांना असं गुंडाळलं गेलं की यंत्र जागीच थांबलं. बाबांचा चेहरा मात्र उजळला. ब्रेकडाऊन! मग ऊन चांगलं तापलेलं असताना आम्ही बापलेक सावलीत बसून पाती साफ करत होतो, ग्रीस लावत होतो. पाचला शिफ्ट संपली. यंत्र चकाचक आणि शेत जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. "माल खराब आहे," बाबा म्हणाले. "आमच्या इन्स्पेक्शनमध्ये हा पासच झाला नसता." शेजारचा शेतकरी बांधावरून रोज चौकशी करायचा. "बाबूजी, माचिस की एक तीली का काम है. आप तो ऑपरेशन कर रहे हो."

गहू लांबत चालला होता. एका संध्याकाळी बाबा गुपचूप स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावरची काडेपेटी उचलली. आईनं गॅस बंद केला आणि खुंटीवरची भरून ठेवलेली पिशवी काढली.

"कुठं चालली?"

"तुम्ही पेटवून राहिले न? मग मी रांझीले चालली."

"मग काय करू? रोज सातपासून लागून राहिलो न मी!"

"सातलेच काहून? इथं कोणता भोंगा वाजून राहिला? दवात माझे कपडे वाळत नाही, तुमचं तणस वाळते? चलो, उद्यापासून सेकंड शिफ्ट करा."

दवाचं गणित मी समजावलं असतं तर त्यांनी तासभर वाद घातला असता. पण शिफ्ट बदलल्याचा हुकूम वरून आला होता. त्यांनी काडेपेटी जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सस्पेंड झालेल्या बाबूसारखे ते सकाळभर ओसरीवर बसले. जेवण झालं, तणस पायाखाली करकरू लागलं, तेव्हा उठले. यंत्र या बांधापासून त्या बांधापर्यंत एकदाही अडलं नाही. संध्याकाळपर्यंत ही बाबांची स्वतःची 'टेक्निक' झाली होती.

ती ऐकून घेतल्यावर शेजारी म्हणाला, "बाबूजी, कल हम जला रहे हैं. खिड़की बंद रखना."

आमचं शेत पेरून झालं होतं, पण धुराला बांध कुठे कळतो? बाबांनी एकदा आईच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे. "मशीन ले जाओ," ते म्हणाले. "लेकिन दोपहर के बाद."

यंत्र परत आलं ते मातीनं भरून, एक पातं वाकवून. मी फडकं घेऊन उभा होतो. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. ते दारात उभे राहून आत बघत होते. आई पिशवीतला स्वेटर काढून कपाटात ठेवत होती. इतके हळवे झालेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"राहून राहिली न?" त्यांनी विचारलं.

"आत या. चहा थंडा होऊन राहिला."

बाबा पाय न धुताच आत गेले.