डाव्या हाताचं काम

हिंगोलीच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत डबे होते, त्यामुळे मला कुणालाच हात करता आला नाही. एकात मायनं दिलेले धपाटे, दुसऱ्यात ओल्या हळदीचं लोणचं. मी बारा वर्षांची, पुण्याच्या मावशीकडे शिकायला निघालेली. आबा खिडकीसोबत चालत म्हणाले, "पेटी सोडू नको पोरी. सोडली की बोटं विसरून जातेत." पुढची सगळी वर्षं मी ती पेटी हातातून काढण्यातच घालवली.

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या गावच्या, साखऱ्याच्या भजनी मंडळात पेटी त्यांचीच. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. उजवा हात सुरांवर, डावा मागच्या भात्यावर. "डाव्यानं गुमान हवा द्यायची. त्याचं काम कुनाला दिसू नये," असं ते म्हणायचे.

पुण्याच्या शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. ही पेटी वाजवते म्हणून बाईंनी मला त्याच्यापुढे बसवलं. उजवा हात पळायला लागला आणि डावा मागे भाता शोधत राहिला. सगळा वर्ग हसला. त्या हसण्याचा राग म्हणा, पण मी तो पियानो सोडला नाही. पुढे स्कॉलरशिप मिळाली आणि जर्मनीला, लाइपझिगला गेले. तिथली पोरं चौथ्या-पाचव्या वर्षापासून दोन्ही हातांनी वाजवतात. माझे प्रोफेसर रोज एकच सांगायचे, तुझा डावा हात झोपलाय. मग उजवा हात मांडीखाली दाबून मी तासन्‌तास नुसता डावा वाजवायची, करंगळी सुजेपर्यंत. तेव्हा मला आबांचा संताप यायचा. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

आता मी स्टेजवर वाजवते. नाव फार मोठं नाही. लहान हॉलमधले, चर्चमधले कार्यक्रम आणि बाकीचे दिवस शिकवण्या. कार्यक्रमानंतर एखाद्या बाई हमखास विचारतात, तुम्ही सतार का नाही शिकलात? गावी आलं की विचारतात, "म्हंजे पेटीच ना, जराशी मोठी?" गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल. समजावून सांगायचा कंटाळा येतो, मग आपण नुसतं हसतो.

मला फक्त आबांच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं होतं. पहिल्या मोठ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी धाकट्या भावाला, संतोषला पाठवला. त्यानं तो आबांना दोनदा ऐकवला. फोनवर आबा म्हणाले, "ब्येस हाय. पन डावा हात लई बोलून राहिला." मी फोन ठेवून दिला. त्या हाताला बोलतं करायला मला पंधरा वर्षं लागली होती.

गेल्या हिवाळ्यात आबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. मी पंधरा दिवसांची सुट्टी काढून आले. शनिवारच्या भजनाला मारुतीच्या देवळात संतोषनं त्यांना तक्क्याला टेकवून पेटीपुढे बसवलं. उजवा हात धड होता, पण हवा कोण देणार? आबांनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि भात्याकडे दाखवलं.

एवढं सगळं करून शेवटी हेच, असं मनात म्हणत मी बसले. आणि तेही जमेना. माझ्या डाव्या हाताला आता जोर द्यायची सवय झालीय, आणि भात्याला जोर नको असतो, दम हवा असतो. सूर हिंदकळायला लागला. गाणारे वळून बघायला लागले. आबा वाजवता वाजवताच म्हणाले, "एवढी घाई काहून? हळू. वाजवाया मी हाय ना." तिसऱ्या भजनाला कुठे सूर जरा सरळ झाला.

उठताना ते संतोषला म्हणाले, "फुडच्या शनवारी बी हिलाच बसव."

'जमलं' म्हणायची आबांची रीत हीच असावी. पुढच्या शनिवारी माझा लाइपझिगला कार्यक्रम होता. मी "व्हय आबा" म्हणाले आणि बुधवारी निघाले.

घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगेन, की तिथे माझा एकच हात हवा आहे आणि तोच मी परक्या मुलखात गुंतवून बसलेय. त्या शनिवारी मी दोन्ही हातांनी वाजवलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. साखऱ्यात त्या संध्याकाळी भात्यावर कोण बसलं, की पेटी उघडलीच नाही, हे संतोषला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.