खंडेनवमीची चकाकी

सणसरच्या दत्तोबांना कुणाचंच काम पसंत नसे. बारामती एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये ते मुकादम होते. पत्रे टांगणाऱ्यांना ते ‘वाळवणवाले’ म्हणत आणि भट्टीवरच्याला ‘भाकरीवाला’. “धुतलाय व्हय ह्यो पत्रा? म्हशीच्या पाठीवर यापेक्षा कमी मळ असतो,” हा त्यांचा सकाळचा रामराम. पण कुणाच्या घरी आजारपण निघालं, तर त्याची पाळी गुपचूप स्वतः करणारेही तेच.

तेलाशी त्यांचं खास वैर. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला, तर बंदुकीने फवारलेली कोरडी पावडर भट्टीत वितळताना तिथून मागे सरते आणि रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. म्हणून तेल चोपडून येणाऱ्याला दत्तोबा दारातूनच नळावर पिटाळत.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा होती. दुसऱ्यांनी पुसलेली यंत्रं त्यांना कुठली पटायला!

“देवाफुडं असली कळकट यंत्रं? सरा बाजूला.”

मोटारसायकल चमकवायच्या फवाऱ्याचा डबा आणून त्यांनी बंदूक, फवारणीची खोली, पत्रे टांगायचे आकडे, सगळं लखलखीत केलं. शेवटी डब्यालाही कुंकू लावलं आणि तो देवाच्या फळीवर ठेवला.

सण संपला. काम सुरू झालं, तसे दूध थंड करायच्या टाक्यांचे पत्रे भट्टीतून खड्डे घेऊनच बाहेर पडू लागले.

गुन्हेगार शोधायला दत्तोबांना वेळ लागला नाही. बंदूक धरणारा युनूस दाढीला तेलकट अत्तर लावायचा.

“नवरदेव हायेस व्हय रं? तुज्या दाढीनं मालाचं वाटोळं केलं.”

“दाढी काय आज उगवली का, दत्तोबा? खड्डे आत्ता पडाय लागले.”

“पत्र्याफुडं उभं ऱ्हायची लायकी न्हाय तुजी. जा, टेम्पो भर.”

हे सगळ्यांदेखत. युनूसने हातमोजे काढले आणि बाहेर गेला. दोघं सणसरहून एकाच मोटारसायकलवर येत. दुसऱ्या दिवसापासून युनूस एसटीने येऊ लागला. मालकांनी मालाची तपासणी करणाऱ्या निकिताला बजावलं होतं, की दोष युनूसचाच निघाला तर त्याला कायमचा घरी पाठवायचा.

निकिता नवी इंजिनिअर. ती म्हणाली, “काका, पावडर बदलली, माणूस बदलला, खड्डे तेच. सणाला इथं नवीन काय आलं?”

“नवीन काय न्हाय. मी तेवढं सगळं लख्ख केलं.”

“कशानं?”

दत्तोबांनी मोठ्या ऐटीत फळीकडे बोट केलं. निकिताने डबा उचलून वाचला.

“यात सिलिकॉन आहे. तेलाहून वाईट. आकड्यांवरून पत्र्यांवर जातंय.”

“पुस्तकातलं सांगू नगा, म्याडम. देवाच्या कामाला वापरलेलं हाय ते.”

ती वाद घालत बसली नाही. पुसून काढलेला एक पत्रा तिने कोऱ्या तारेला टांगला, त्याच्या एका कोपऱ्यापाशी डब्याचा फवारा नुसता हवेत मारला, वर पावडर फवारून पत्रा भट्टीत सारला. निघाला तेव्हा बाकीचा पत्रा नितळ होता, त्या कोपऱ्याची मात्र चाळण झाली होती. भाकरीवाला खोकला. वाळवणवाले छताकडे बघू लागले. दत्तोबांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. असला मुकादम दुसऱ्याच्या शेडमध्ये दिसला असता, तर त्यांनी त्याला बारामतीच्या वेशीबाहेर घालवून दिला असता.

ते बाहेर आले. युनूस टेम्पोच्या हौद्यात उभा राहून दोरी आवळत होता.

“युनूस, खड्डे माजे हुते,” दत्तोबा म्हणाले.

“मोठ्यानं बोला. इंजिन चालू हाय.”

“खड्डे माजे हुते!”

ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच हाक मारली. त्याने इंजिन बंद केलं. आता शेडच्या दारात सगळेच उभे होते. युनूसने दोरी हातातच ठेवली.

“आता बोला,” तो म्हणाला.

आणि त्या शांततेत दत्तोबांना ते तिसऱ्यांदा म्हणावं लागलं.