कंप्युटरचा बस्ता

खरेदीवर जिवापाड प्रेम करणारा आणि स्वतःसाठी मात्र कधी काहीही विकत न घेणारा माणूस अख्ख्या सोलापुरात आमच्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे हे मामा नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात उभं आयुष्य घालवून निवृत्त झाले. उभं तरी कसं म्हणू, ते सगळं आयुष्य त्यांनी पांढऱ्या गादीवर मांडी घालून काढलं. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे दोन्हीकडची कापडखरेदी एका बैठकीत उरकायला, अक्कलकोटपासून नातेपुत्यापर्यंतची माणसं टेम्पो भरून यायची आणि मामा त्यांच्यापुढे साड्यांचा डोंगर उभा करायचे. त्यांना कन्नड येतं, तेलुगूही येतं, पण साडी विकण्यापुरतंच. एकदा अक्कलकोटात एका आजीबाईंनी त्यांना कन्नडमधून मठाचा रस्ता विचारला, तर काठ पक्का आहे आणि रंग जाणार नाही, याखेरीज मामांना त्या भाषेत काही सुचेना.

कुठल्याही दुकानात गेले की मामांना गिऱ्हाइकाच्या बाजूला बसवत नाही. चष्मा करायला म्हणून एकदा मी त्यांना घेऊन गेलो. दुकानदार आत डबा खात होता, तेवढ्यात एक मास्तरीणबाई फ्रेम बघायला आल्या. मामा सहज उठले, काउंटरच्या पलीकडे गेले, बाईंपुढे सगळ्या फ्रेमा ओळीनं मांडल्या आणि ‘घरी दाखवा, न्हाय पटली तर परत आणा की’ म्हणून एक विकूनही टाकली. स्वतःचा चष्मा करायचा राहिला तो राहिलाच. मंडईत ते कोथिंबिरीची जुडी सोडून बघतात आणि पुन्हा अशी सुबक बांधून ठेवतात, की ती आपलीच आहे हे भाजीवालीलाही पटत नाही.

दुकानात मामांकडे मानपानाच्या साड्या असत. आत्या, मावश्या, करवल्या, वरमाईच्या जावा, या सगळ्यांना द्यायच्या त्या. नवरीच्या शालूंचा काउंटर शेजारी, आणि तो चाचांचा. हे चाचा म्हणजे मामांचे जन्माचे दोस्त. चाचांचे वडील ट्रक चालवायचे आणि चाचांनाही तेच करायचं होतं, पण घरच्यांनी पोराचे कपडे तरी स्वच्छ राहतील म्हणून त्यांना शालूंपुढे बसवलं. दोघांमध्ये बोलणं बेताचंच. चाचांनी कापड मोजायचा लोखंडी गज काउंटरवर दोनदा आपटला, की त्याचा अर्थ ‘चहा सांग’. मामा लगेच पोऱ्याला हाक मारायचे. वर्षानुवर्षं त्यांची मैत्री या दोन ठोक्यांवर चालली. मामांना शालूंचं फार अप्रूप होतं, पण गिऱ्हाइकाला ते नेहमी एकच सांगायचे, ‘शालू एकदाच नेसत्यात. मानपान राहिला तर माणसं जलमभर बोलत्यात.’

मग चाचा मुलाकडे हैदराबादला राहायला गेले आणि तिथं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मामा रोज फोन लावायचे. पलीकडून चाचांची सून सांगायची, अब्बा ऐकतायत, बोला. मामा ‘जेवलास का’ विचारायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. मामा-मामी आणि आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे ते ऐकणं आम्हाला नकोसं व्हायचं. शेवटी ते हैदराबादला जाऊन आले आणि आल्या आल्या, हातातली पिशवी खाली न ठेवता म्हणाले, “जावईबापू, मला गेमिंग कंप्युटर घ्यायचाय.”

मामींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग सगळा उलगडा झाला. चाचांची सून कंप्युटरच्या नोकरीत. तिनं सासऱ्यांचा डावा हात चालता राहावा म्हणून त्यांना ट्रक चालवायचा एक खेळ लावून दिला होता. दिवसभर गप्प बसून असणारे चाचा त्या पडद्यासमोर ताठ बसत. आणि त्या खेळात म्हणे दुसऱ्या गावातला माणूसही आपला ट्रक घेऊन त्याच रस्त्यावर येऊ शकतो. मी आपलं सुचवलं, माझा ऑफिसचा लॅपटॉप आहे. पण तो खेळ सुरू होताहोताच लॅपटॉप इतका तापला, की मामींनी त्याच्यावर पापड भाजायची तयारी दाखवली. म्हणजे सुटे भाग घेऊन नवा जोडूनच घ्यायला हवा होता. मामींनी हद्द घालून दिली. एका मध्यम बस्त्याला लागतात तेवढेच पैसे, वर एक रुपया नाही.

बस्ता म्हटल्यावर मामा एकटे कसे जातील? मामी, मी, माझी बायको आणि सल्ल्याला मामींची बहीण, असे सगळे रिक्षातून गेलो. दुकानदार तिशीतला, शांत गृहस्थ. मामांनी दारात चपला काढल्या, बसायला गादी कुठं दिसेना म्हणून जरा हिरमुसले, मग खुर्चीवरच मांडी घातली आणि म्हणाले, “काढा की सगळं खाली.” एकदा खोकं फोडलं की माल परत घेत नाही, असं दुकानदार सांगत होता. मामांनी त्याच्याकडे फार दयेनं पाहिलं. पुढचा तासभर मात्र मला वाटलं होतं त्याहून कितीतरी शहाणपणाचा गेला. अमुक प्रोसेसर तमुक मदरबोर्डवरच बसतो, हे ऐकून मामा म्हणाले, म्हंजी ब्लाऊजपीस जोडाचाच पायजे. रंगीत दिवे लागणारी रॅम पुढे आली, तेव्हा ही नुसती काठाची जर हाय, ती काढा, म्हणून त्यांनी दिव्यांचे पैसे वाचवले. कॅबिनेट सगळ्यात साधं घेतलं, कारण डबा काही कुणी नेसत नाही.

आणि मग ग्राफिक्स कार्ड आलं. खेळात दिसणारे रस्ते, झाडं, डोंगर सगळं हेच दाखवतं, असं दुकानदारानं सांगितलं. मामांनी ते दोन्ही हातांवर घेतलं. “ह्यो शालू,” ते हळूच म्हणाले. जन्मभर शेजारच्या काउंटरवर दुसऱ्यांसाठी उलगडताना पाहिलेला शालू आता स्वतः घ्यायची वेळ आली होती आणि मामांचं भान सुटलं. बेतात बसेल त्यापेक्षा वरचं कार्ड त्यांनी ठरवलं. उरलेल्या पैशांत वीज पुरवणारा डबा तेवढा घ्यायचा होता, ज्याला एसएमपीएस म्हणतात. ह्यो दिसणार हाय का कुणाला, मामांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, दिसणार नाही, आतच बसतो, पण तो जरा चांगला घ्या. मामा म्हणाले, न दिसणाऱ्याला काय करायचंय, साधा द्या.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. मामींनी कंप्युटरला हळदकुंकू लावलं, चाचांच्या सुनेनं फोनवरून काय काय दाबायचं ते सांगितलं, आणि मामांचा ट्रक त्या परदेशी रस्त्याला लागला. डोंगर दिसला, खाली नदी दिसली. मामा “अगं बघ तरी” म्हणून मामींना बोलावतात तोच पडदा काळा झाला आणि यंत्र बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. नुसतं सुरू केलं तर नीट चालायचं, ट्रक हलला की जीव टाकायचं. मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, कार्ड मोठं आहे आणि एसएमपीएसला तेवढी ताकद नाही, मी म्हटलं होतं. तेवढ्यात मामांच्या फोनवर चाचांची सून सांगत होती, “मामू, अब्बा गाडी लगाको बैठे हैं. खाने कू बुलाई तो उठतेच नईं.”

मामांनी कंप्युटरचं बटण बंद केलं. मग म्हणाले, “शालूपायी मानपान राह्यला, जावईबापू. चाळीस वरसं लोकांना सांगितलं आन् माझ्याच बस्त्यात राह्यला. तिकडं चाचा वाट बघालाय.” मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. मामींनाही आली असावी, कारण त्या हद्द ओलांडायला तयार झाल्या. मामाच तयार झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात उभे होतो. मामांनी ग्राफिक्स कार्ड त्याच्या खोक्यात परत भरलं होतं, आणि ते असं, की दुकानदार ते खोकं फिरवून फिरवून कुठून फोडलंय ते शोधत राहिला. मामांनी स्वतःच सांगितलं की काल रात्रभर हे आमच्याकडे नांदलंय, लपवायचं काही नाही. पण उलगडलेली साडी कोऱ्यासारखी घडी घालून परत ठेवायची, हेच आमचं काम होतं, तुमी बघा आन् ठरवा. दुकानदार हसला. आमच्याही घरी हातमाग होता म्हणाला, आणि त्यानं कार्ड परत घेतलं. शालू एक पायरी खाली आला, एसएमपीएस चांगला दणकट आला आणि हिशेब मामींच्या हद्दीत बसला.

त्या संध्याकाळी यंत्र बंद पडलं नाही. झाडं कालच्याइतकी स्वच्छ दिसत नव्हती. मी तसं बोलून गेलो, तर मामा म्हणाले, जरा विटलेली हायत, पण आपण झाडं बघायला थोडंच आलोय. त्यांचा ट्रक रस्त्याच्या मधोमध बैलगाडीच्या चालीनं निघाला होता, मागून येणारे कोण कुठले परदेशी ड्रायव्हर हॉर्न मारमारून पुढे जात होते, आणि मामा प्रत्येकाला ‘जा बाबा’ म्हणत होते. एका वळणावर कडेला एक निळा ट्रक उभा होता. कालपासूनच तिथं असावा, असं मला वाटून गेलं. मामा त्याच्या मागे जाऊन थांबले. काहीच झालं नाही. मग त्या निळ्या ट्रकनं हॉर्न दिला. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

मामांनी मागे वळून न बघता स्वयंपाकघराकडे हाक दिली, “दोन चहा.” आवाज अगदी दुकानातला होता. मामींनी दोन कप आणून कीबोर्डच्या दोन बाजूंना ठेवले. दोन्ही ट्रक रस्त्याला लागले, निळा पुढे आणि मामा मागे.

आता रोज संध्याकाळी हे असंच चालतं. हॉर्न वाजला की दोन कप येतात. एक मामा पितात आणि दुसरा गार होऊ नये म्हणून मी पितो. त्यात साखर फार असते, पण मी कधी मामींना कमी घाला म्हटलेलं नाही. चाचांना तसाच लागायचा.