बेंदराचा मुलगा, पंचमीची मुलगी

मला जुळी मुलं आहेत. एक बेंदराला झाला आणि दुसरी नागपंचमीला. लग्नाच्या पंगतीत मी हे वाक्य टाकते आणि शेजारणीचा घास हातातच राहतो का ते बघते. राहतोच. मग मी सावकाश भात कालवते. पण ही गोष्ट हसत सांगायला शिकले म्हणून तिच्यातला राग गेलाय असं कुणी समजू नये.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव कुंडलच्या अलीकडचं. आमचे हे पलटणीत; दिवाळीला रजेवर आले आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत परत गेले. घरात उरलो मी, सासरे आणि थोरली नणंद. वन्सं विधवा होऊन माहेरी आलेल्या. किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि घरात शब्दही त्यांचाच.

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या आषाढातल्या बैलपोळ्याच्या, सकाळी सासरे बैलांची शिंगं रंगवत होते तेव्हा मला कळा सुटल्या. मुलगा झाला, अगदी मूठभर, दिवस भरायच्या आतच आलेला. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधतात, म्हणजे ते आत जातं. वन्संनी बांधलं. माझं पोट काही जाईना. त्यांनी आणखी आवळलं.

"वन्सं, आत काय तरी हलतंय."

"वारं हाय ते."

"वारं लाथा मारतं व्हय?"

"लय शानी झालीस. गप पड."

रोज सकाळी माझ्या कुशीला गुडघा लावून त्या पट्टी ओढायच्या, गाडीवर कडबा आवळावा तशी. सुईण एकदा म्हणाली, "आवं, जरा ढिलं करा." तिला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. वन्सं गोठ्यात गेल्या की मी गाठ सोडायची, पावलं वाजली की पुन्हा मारायची. पोटचं सांगतंय ते ऐकायचं नाही आणि वर बाळंतिणीलाच शहाणी म्हणायचं, हा कुठला न्याय?

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा. वन्संनी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत त्यांच्या पाठीत हलके धपके घातले. मला पट्टीमुळे धड हसताही येईना.

बेंदरानंतर तीन आठवड्यांनी, पंचमीला, पोरी झोके घेत होत्या आणि मला पुन्हा कळा आल्या. मुलगी झाली, भावाच्या दीडपट, गुटगुटीत. रडली अशी की झोके थांबले आणि बायका दाराशी गोळा झाल्या. वन्संनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"बेंदराला एक, पंचमीला दुसरी? जुळी काय बाजारासारखी वार लावून येत्यात? माझा भाऊ दिवाळीला येऊन गेला. मग ही कवाची, आन् कुणाची?"

सुईणीनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरगा हितंच ऱ्हाईल," वन्सं म्हणाल्या. "तू आन् ही, जावा माहेरी. हिच्या कानात मी नाव सांगायची न्हाई."

आत्यानं नाव न ठेवलेली पोर त्या घराची नव्हे. तान्हा मुलगा माझ्या दुधावर होता, तोही तोडून घ्यायचा. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "मामंजी, गाडी जुंपा! मिरजेच्या दवाखान्यात चला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं तर मी तिथनंच माहेरी जाते."

सासरे उठले आणि त्यांनी दावणीचे बैल सोडून गाडीला जुंपले.

डॉक्टरीणबाईंनी मला बराच वेळ तपासलं, मग दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं. "बाई, तुम्हाला गर्भाची पिशवी एक नाही, जन्मापासून दोन आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्हींत एकाच सुमाराला गर्भ राहिला. एकीचं तोंड लवकर उघडलं, दुसरी मिटूनच राहिली. हे मी फक्त वाचलं होतं, आज बघते आहे." मग पोटाकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हे वळ कसले?"

दाराबाहेर पाठमोरे उभे असलेले सासरे खाकरले. "म्हंजी दोघंबी दिवाळीचीच?"

"दोघंही. एका घराला दोन खोल्या, दोन दारं. उलट मुलगीच पुऱ्या दिवसांची आहे. मुलानं घाई केली."

घरी आलो तर वन्सं उंबऱ्यातच उभ्या. सासऱ्यांनी सगळं सांगितलं.

"दोन पिशव्या? बाई हाय का बाजाराला निघालीया?"

"बोटावर मोजा, वन्सं," मी म्हटलं. "कार्तिकापासनं धरा. पुरे नऊ कुणी भरले, आन् आधी कोण आलं? आता सांगा, माहेरी कुणाला धाडायचं?"

त्या मोजायला लागल्या. बोटं आषाढाशी आली आणि थांबली.

"बारसं हुईल," सासरे म्हणाले. "आन् नाव तूच सांगशील."

वन्सं पाळण्यावर वाकल्या आणि कुणाला कळू नये अशा आवाजात माझ्या लेकीच्या कानात नाव पुटपुटल्या. बायकांनी हात उचलले. धपका घालायचा मान बाळंतिणीचा नव्हे, तरी मी उठले. गुडघा लावून आवळलेली एकेक सकाळ मुठीत घेतली आणि त्यांच्या पाठीत असा धपका घातला की पाळण्याची साखळी वाजली.

"आई गं! काय लागलं गं हे!"

"वारं हाय ते, वन्सं," मी म्हटलं.