वगळलेलं नाव

श्रावणात, एका मंगळवारी सकाळी सव्वासातला माझी बहीण सुषमा वास्कोत वारली. ती बेचाळीस वर्षांची होती. मी तेव्हा मये गावात, घरी, दाढी करत होतो.

पुढचं लिहायला मला बरेच दिवस लागले. मी डिचोलीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. मुलांच्या निबंधात भूत आलं की समासात लाल शाईने 'पुरावा?' असं लिहितो. या पानावर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, तेही मी आजवर त्याच नजरेने वाचत आलो... लिहिणारा काय लपवतोय ते शोधत. माझंही तुम्ही तसंच वाचा. लपवण्यासारखं जे आहे ते मी आधीच सांगून टाकतो.

सुषमाला काहीही बघायचं चुकलेलं चालत नसे. लहानपणी ती कुणाकडे राहायला जात नसे, कारण तिच्या मागे घरात काही घडलं तर? लग्न होऊन वास्कोला गेल्यावर तिचा जीव अर्धा इकडेच होता. फोन आले आणि तिला इलाज सापडला. मी स्टेटस घातलं की दोन मिनिटांत बघणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तिचं.

चवथीला तर विचारू नका. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात – लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळं टांगायची. सुपारीचा घड, चिबूड, तोरिंग, आंबाडे, कवंडळं आणि लाल टपोरी कांगलां. लग्न झाल्यावरही दर चवथीला सुषमा यायची आणि उभी राहून माटोळी बांधून घ्यायची. गेल्या वर्षी मात्र चवथीच्या चार दिवस आधी तिची सासू गेली. सुतक. तिला येता येईना. सकाळपासून तिचे नऊ फोन आले.

"दादा, कांगलां खंय दिसनात?"

"आहेत गो, पानांमागे."

"मग फोटो डावीकडून काढ. उजवीकडचा नको मला. तिथून तू दरवर्षी रिकामी जागा लपवतोस."

माझी बायको वैशाली नेवऱ्या तळत होती. ती तिथूनच ओरडली, "सुषमा, चिबूड तोडून पार्सल पाठवू काय? मोजून घे!"

"वयनी, तू हस. मी येईन तेव्हा बघते तुला."

दहाव्या फोनवर ती रडली. "माझ्याशिवाय सगळं होतं रे तुमचं," म्हणाली.

त्या दुपारी मी फोनमध्ये एक गोष्ट केली. अमुक माणूस सोडून बाकीच्यांना स्टेटस दाखवा, असा पर्याय असतो. तिथे सुषमाच्या नावापुढे खूण केली. बघून तिला त्रास होतो, न दिसलं तर बरं – असं मी स्वतःला सांगितलं. मला तिच्या फोनांचा कंटाळाही आला होता. खूण नंतर काढू म्हटलं आणि वर्षभर काढली नाही. दोन-चार दिवसांनी अवघडल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग अवघडल्यामुळेच राहून गेलं. शाळेचं स्नेहसंमेलन, तळ्यावरची सहल, पुतण्याचा साखरपुडा – सगळ्यांना दिसलं, तिला नाही.

एकदा तिने विचारलंही. "दादा, तू हल्ली स्टेटस घालीत नाहीस?"

"नाही गो. वेळ कुठे असतो."

ती म्हणाली, "घालत जा. बरं असतं."

यानंतर पाच महिन्यांनी ती गेली.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक माहेरी तीनच दिवस. त्यामुळे या वर्षी आमच्याकडे गणपती आला. आणू नये असं मला वाटत होतं, पण घरातल्या थोरल्या काकांनी ऐकलं नाही. आदल्या दिवशी मी रानात जाऊन कांगलां शोधून आणली, पुष्कळ आणली. डावीकडे, पानांच्या पुढे बांधली. चवथीच्या दुपारी आरती झाल्यावर फोटो काढला, डावीकडून, आणि स्टेटसला घातला. ओळ काही लिहिली नाही.

वैशालीने ताट वाढलं. मी सवयीने यादी उघडली. एकच नाव होतं. सुषमा. बाजूला तिचा हळदीच्या साडीतला फोटो, आणि वेळ: एक बारा.

मी फोन वैशालीपुढे धरला. तिने वाचलं आणि डाव खाली ठेवला. "तन्वीने उघडला असेल तिचा फोन," ती म्हणाली. तन्वी म्हणजे सुषमाची मुलगी, कॉलेजात आहे. "पोर आहे. आईची आठवण आली असेल."

मला सुटल्यासारखं वाटलं. मग ती खूण आठवली. सेटिंग उघडून बघितलं – खूण होती. म्हणजे सुषमाचा फोन कुणीही उघडला असता, तरी त्यात माझं स्टेटस दिसायला नको होतं.

मी स्क्रीनशॉट काढला. मग संशय घ्यायला बसलो, याला दुसरा शब्द नाही. पहिला संशय वैशालीवर: तिने माझ्या फोनमधली खूण काढून परत केली असेल? तिच्या चेहऱ्याकडे बघून मला माझीच लाज वाटली, तरी रात्री मी लॉकचा नंबर बदलला. दुसरा संशय प्रकाशरावांवर, म्हणजे सुषमाच्या नवऱ्यावर. बंदरातल्या कचेरीत नोकरी, कॉम्प्युटरचं सगळं कळतं. त्यांना खुणेचं कळलं असेल आणि मला टोचायला त्यांनी काही युक्ती केली असेल. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमना, नावं न सांगता, विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, असं होत नाही. पण झालंय म्हणता, तर अॅपमध्ये काही गडबड असेल." या दोन वाक्यांतलं कुठलं धरायचं, मला कळलं नाही.

खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं: ती गेली तेव्हा तिला ठाऊक होतं का?

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. पुढच्या रविवारी मी वास्कोला गेलो. प्रकाशरावांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, दोन्ही हात पिठाचे.

"या दादा. तुमच्या बहिणीने बावीस वर्षांत मला भाकरी करू दिली नाही. आता बघा हे... गोव्याचा नकाशा होतोय."

तो नकाशा त्यांनी मला वाढला. मी थोडं खाल्लं आणि सुषमाचा फोन कुठे आहे ते विचारलं. त्यांनी कपाटातून काढून दिला. त्या सकाळी ती कोसळली तेव्हा तो तिच्या हातात होता. काच फुटलेली, एक कोपरा आत दबलेला. मी बटण दाबून धरलं. चार्जर लावून अर्धा तास बसलो. काही नाही.

"दुरुस्तीला दिला होता?" मी विचारलं.

"कशाला देऊ?" ते म्हणाले. माझ्या आवाजातलं त्यांना कळलं असावं. "दादा, काय शोधताय तुम्ही?"

मी स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग आत गेले आणि भांडी घासू लागले.

तन्वी दारात उभी होती. "मामा, फोन चालू असता तरी काय?" ती म्हणाली. "तुम्ही आईला वगळलंय ना?"

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. "तुला कोणी सांगितलं?"

"आईनेच. माझ्या फोनवर तुमचं यायचं, तिच्या फोनवर नाही. आधी तिला वाटलं, नेटवर्क. मग समजली."

"कधी?"

"गेल्या वर्षीच्या चवथीलाच. त्याच दिवशी."

"चिडली असेल."

"चिडली ना! मामीला सोडून सगळ्यांना शिव्या घातल्या." तन्वी थोडी हसली. "मग मला म्हणाली, 'दादाक सांगूं नाका, ताका वायट दिसतलें.' तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. रोज संध्याकाळी माझा फोन मागायची. तुमच्या सहलीचा तो व्हिडिओ तिने किती वेळा बघितला..."

वर्षभर माझ्या यादीत तन्वीचं नाव असायचं. कॉलेजातली मुलगी मामाच्या शाळेचं स्नेहसंमेलन इतक्या आवडीने का बघते, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं.

"आणि हे?" मी स्क्रीनशॉट पुढे केला. "हे तू काही केलंस?"

"नाही, मामा. आई गेल्यापासून मी तुमचं स्टेटस उघडलंच नाही. उघडवलं नाही."

त्या रात्री मी यादी पुन्हा वाचली होती, तन्वीचं नाव त्यात खरंच नव्हतं. तरीही परतताना बसमध्ये मी तिचं बोलणं तपासत होतो. ती खोटं का बोलेल? प्रकाशराव गप्प का झाले? दाबोळीपासून पणजीपर्यंत मी एकेकाला उलटसुलट विचारलं, मनातल्या मनात. कुणाविरुद्ध काही सापडलं नाही. जो खरोखर खोटं बोलला होता, तो खिडकीशी बसला होता.

डिचोलीला उतरल्यावर स्टँडवरच मी सेटिंग उघडलं आणि तिच्या नावापुढची खूण काढली.

अॅपची गडबड असेल. असेल. समासात 'पुरावा?' लिहिणाऱ्याकडे पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट आहे आणि तो काही सिद्ध करत नाही. तिचं नाव यादीत कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी आता रोज स्टेटस घालतो. परसातली जास्वंद, फळ्यावरचं अक्षर, पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेले उंडे. संध्याकाळी यादी उघडतो. तन्वीचं नाव पुन्हा येऊ लागलंय. वैशालीचं येतं, मॅडमचं येतं. सुषमाचं त्यानंतर आलेलं नाही. वगळलेल्यांच्या यादीत आता कुणी नाही.