लांबचा बार

आमच्या घरात मुलीला रांगोळीचे ठिपके जोडायला कुणी शिकवलं नाही, पण हरणाचं काळीज नेमकं कुठे असतं हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. याचं श्रेय म्हणा, खापर म्हणा, माझ्या सासऱ्यांचं.

सासरे मूळ कल्याणचे. शिकारीला कायद्याने बंदी येण्याआधीच्या काळात ते आणि त्यांचे दोन मित्र शनिवारी कचेरी सुटली की बंदुका कापडात गुंडाळून मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीत बसत. कंडक्टर इतका ओळखीचा झाला होता की परतताना मटणात त्याचाही वाटा असे. बंदी आली तेव्हा त्यांनी निमूटपणे रायफल जमा केली. "जनावरंच उरली नव्हती, बरं झालं," असं ते आजही म्हणतात. रायफल गेली, पण तिच्याबद्दलचं बोलणं काही गेलं नाही. लग्न होऊन मी डोंबिवलीच्या या फ्लॅटमध्ये आले ती थेट त्या बोलण्यातच.

एकदा मी पोळ्या करत असताना ते ओट्याशी आले आणि परातीतली कणीक तोडून त्यांनी तिच्या तीन लांबट गोळ्या वळल्या. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. तिला म्हणाले, "हे बघ. ही सॉफ्ट नोजची गोळी, टोकाला शिसं उघडं असलेली. बेताच्या अंतरावरून जनावराला लागली की टोक असं पसरतं." आणि एक गोळी टेबलावर दाबून तिची त्यांनी अळंबी केली. "उमलायला हवी, आणि उमलून आत जायला हवी. मग भोक आत जाताना बोटाएवढं, बाहेर पडताना मुठीएवढं. हरीण चार उड्या मारतं आणि बसतं. फार जवळून मारलीस, आणि खांद्याच्या हाडावर बसली, तर वेग इतका असतो की वरच्यावर फुटून जाते." दुसऱ्या गोळीच्या त्यांनी चिंधड्या केल्या. तिसरी मात्र तशीच ठेवली. "आणि फार लांबून मारलीस तर वेग मेलेला असतो. ही उमलतच नाही. सुईसारखी आरपार जाते. भोक इकडूनही बारीक, तिकडूनही बारीक. रक्त सांडत नाही. जनावर मैलभर पळतं आणि कुठेतरी झुडपात दिवसभर मरत राहतं."

"म्हणून लांबचा बार टाकायचा नाही," मुलगी म्हणाली.

"शाबास."

मी कणीक परत मागितली, तर म्हणे, आता ती काडतुसं झाली.

हे सगळं शब्दांतच राहील असं मला वाटत होतं. पण मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, तिकडेच उत्तरेकडच्या एका राज्यात नोकरीला लागली, आणि तिथे तर थंडी सुरू झाली की अर्धं ऑफिस परवाना काढून हरणं मारायला जातं. तिनेही परवाना काढला. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. सासऱ्यांचं मात्र वय दहा वर्षांनी उतरलं. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, आजोबा आणि नात व्हिडिओ कॉलवर बसत आणि गोळीचं वजन, वाऱ्याची दिशा असलं काय काय बोलत. मी मागे भाजी निवडत ऐके. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटे, कारण सासूबाई गेल्यापासून बाबा इतकं कुणाशीच बोलत नव्हते.

त्या शनिवारी नवरा ऑफिसच्या कामासाठी नाशिकला होता. बाबांना जेवणाआधी इन्सुलिन लागतं. मी ते टोचलं, पान वाढायला घेतलं आणि फोन वाजला. मुलगी रानातूनच बोलत होती, भगव्या रंगाचं जाकीट घालून.

"आजोबा, चुकला माझा बार! नेम नीट धरलेला, पण ते सरळ पळून गेलं."

"किती लांब होतं?"

"तीनशे यार्ड असेल."

"तीनशे!" बाबांचा आवाज बदलला. "काडतूस कुठलं?"

"माझं संपलेलं. मैत्रिणीने तिचं दिलं. मोठ्या सांबरासारख्या जनावराचं, कडक गोळीचं."

बाबांनी डोळे मिटले. मग विचारलं, "पळताना शेपटी वर होती की खाली?"

"खाली. दाबून धरलेली."

"मग चुकलेलं नाही. नुसतं दचकलेलं हरीण शेपूट वर करून पळतं. ते उभं होतं तिथे जा आणि खाली बघ."

ती गेली, वाकली. फोनमध्ये पाचोळा वाजत होता. बऱ्याच वेळाने तिने चिमटीत काहीतरी धरून कॅमेऱ्यासमोर आणलं. तपकिरी केस होते, कात्रीने कापल्यासारखे.

"लागलंय," बाबा म्हणाले. "आता लगेच मागे धावू नकोस. पाठलाग केलास तर ते पळतच राहील. तासभर बसू दे त्याला, मग माग काढ."

फोन बंद झाला. मी पान पुढे सरकवलं. आमटी, भात, तळलेला बोंबील. बाबांनी ते मागे सारलं.

"घायाळ जनावर रानात आहे तोवर शिकाऱ्याने घास घ्यायचा नाही."

हा त्यांच्या मंडळींचा नेम मी पूर्वी ऐकलेला होता. एकदा भेकराच्या मागावर तिघे दीड दिवस उपाशी फिरले, ही गोष्ट ते रंगवून सांगत. पण गोष्टीतला उपास वेगळा आणि इन्सुलिन टोचून घेतल्यावरचा वेगळा.

"अहो बाबा, बार तिने टाकलाय. तुम्ही कशाला उपाशी?"

"शिकवलं कुणी?"

"तुम्ही तर लांबून मारू नको म्हणूनच शिकवलंत!"

"मग कच्चं शिकवलं."

या घराण्यातल्या माणसांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी साखरेचं पाणी केलं, ते घेईनात. दूध घेईनात. म्हणाले, साधं पाणी चालतं. मागच्या पावसाळ्यात साखर अशीच उतरून ते बाथरूममध्ये पडले होते, आणि रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते ती मी. ठाण्याच्या डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं की या वयात दुसऱ्यांदा असं झालं तर माणूस हाती लागेलच असं नाही. आणि हा माणूस सातासमुद्रापलीकडच्या एका हरणासाठी तोंड मिटून बसला होता. मला संताप आला. मी बोललेही, "तिकडे हरीण मरेल आणि इकडे तुम्ही. मग ती कुणाचा माग काढेल?" ते नुसते हसले.

थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम दिसला. पाण्याचा पेला उचलताना हात थरथरला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मुलीला मेसेज केला, "आजोबांनी इन्सुलिन घेतलंय आणि जेवत नाहीत. सापडलं म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता."

लगेच फोन आला. मी तो बाबांसमोर धरला.

"आजोबा, सापडलं."

"मेलेलं?"

"हो."

"गोळी कुठून गेली?"

"खांद्यामागून. आरपार."

"बाहेरच्या बाजूचं भोक केवढं आहे?"

ती अडखळली. मग म्हणाली, "मोठंय. मुठीएवढं."

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आमटी ढवळायला लागले. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बाळ," ते अगदी हळू म्हणाले, "तीनशे यार्डांवरून ती कडक गोळी मुठीएवढं भोक पाडत नाही गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आज बोललीस ते माझ्या पोटापायी. मी जेवतो. तू शोध." आणि मला म्हणाले, "वाढ."

त्यांनी आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ तो तोंडातच ठेवला. भेकरापायी दीड दिवस न मोडलेला नेम त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर मोडला. मला वाईट वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, हेही इथे सांगून ठेवते. पान संपेपर्यंत मी त्यांच्या समोरून हलले नाही. घाम सुकला, हात स्थिर झाला, आणि ते झोपायला गेले. बोंबलाला त्यांनी हात लावला नव्हता.

सकाळी मी दोघांचा चहा टेबलावर आणून ठेवला तेव्हा तिचा फोन आला. तिकडे अंधार पडलेला, ती गाडीत बसलेली, केसात काटक्या. मैत्रीण दुपारीच कंटाळून निघून गेली होती. ही एकटीच ओढ्याच्या काठाने फिरत राहिली आणि उजेड सरता सरता पडलेल्या झाडाखाली तिला ते दिसलं. मेलेलं होतं, पण अजून गरम.

बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "भोक?"

"दोन्हीकडे पेन्सिलीएवढं. आजोबा, मी पोचायच्या जरासंच आधी गेलं असेल. म्हणजे दिवसभर ते..."

"हो," बाबा म्हणाले. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

"नाही गं आई. सापडेपर्यंत खायचं नसतं ना."

सकाळपासून उपाशी, त्या थंडीत, एकटी. मला तिचा राग आला, बाबांचा आला, आणि दोघांना पोटाशी धरावंसं वाटलं.

"डब्यात काय आहे तुझ्या?" बाबांनी विचारलं.

"सँडविच. गारढोण झालंय."

"फोन ठेवू नकोस. खा."

तिने फोन स्टिअरिंगला टेकवून ठेवला आणि खायला लागली. भुकेलेली पोर, मोठमोठे घास घेत होती.

"सावकाश," बाबा म्हणाले.

तिचा शेवटचा घास होईपर्यंत आम्ही दोघांनी चहाला हात लावला नाही.