प्लॅटफॉर्म खंयचो?

मालवणात डेस्कटॉप संगणक बांधून घ्यायला आलेल्या माणसाला स्टेशनमास्तर किंमत विचारू देत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "प्लॅटफॉर्म खंयचो?" कोणता प्रोसेसर आणि तो कोणत्या पिढीच्या मदरबोर्डावर बसवायचा, एवढाच त्याचा अर्थ. "कुडाळ," असे कोणीतरी जवळच्या रेल्वे स्टेशनाचे नाव घेऊन उत्तर दिले आणि बाजारपेठेने त्यांचे नाव स्टेशनमास्तर करून टाकले. रेल्वेशी त्यांचा संबंध नव्हता. आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीखाली त्यांचे दुकान होते.

त्यांचा हिशेब साधा होता. मशीन थोड्या दिवसांसाठी हवे असेल तर जुना बोर्ड घ्यावा. त्याच्यासाठी नवे प्रोसेसर येणार नसतात. ठेवायचे असेल तर नवा घ्यावा. "प्रोसेसर कधीय बदलूक येता. बोर्ड बदललो काय सगळा घर मोडूचा लागता." मेमरीही बोर्डाच्या पिढीची लागे. मिठबावचा एकजण मुंबईहून आणलेली नवी मेमरी जुन्या बोर्डात दाबून बसवू पाहत होता. मास्तर ओरडले, "जोर काढू नको मेल्या! ती ह्या घरातली न्हय. तिची खाच बघ खंय आसा ती."

मेमरी ते जोडीने घालत आणि उरलेल्या दोन जागा पुढच्यासाठी मोकळ्या ठेवत. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावत. समुद्र जवळ, धातूला गंज लवकर धरे. "खारो वारो रिकामी जागा सोधीत रवता," ते म्हणत. पत्नी गेल्यापासून ते जेवणही दुकानातच करत.

मुलगा नितीन तोंडवलीला पर्यटकांचे पाण्याखालचे व्हिडिओ काढी आणि उसन्या लॅपटॉपवर ते जोडत बसे. मास्तरांच्या किडन्या निकामी झाल्यावर त्यांना डायलिसिससाठी कुडाळला तोच नेई. त्याला स्वतःचे मशीन हवे होते. एका दुपारी काउंटरवर तो म्हणाला, "बाबा, माका जुनो बोर्ड चलात." तो गेल्यावर मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्याका रवाचा नसता, तो सरत इललो प्लॅटफॉर्म मागता."

नितीनने जहाजावरच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. ते त्याने मास्तरांना सांगितले नव्हते.

मास्तरांनी नवाच प्लॅटफॉर्म निवडला. त्या वर्षी मेमरी महागली होती आणि त्यांच्याकडचा जुना साठा या बोर्डाला चालत नव्हता. तरी त्यांनी जोडी मागवली. डायलिसिसच्या सुयांनी सुजलेला हात मांडीवर ठेवून ते एका हाताने स्क्रू आवळत होते.

"फुडे नुसतो प्रोसेसर बदल. मेमरीची आनी एक जोडी घाल. बरीच वर्षां चलतला."

"फुडे म्हणजे कोणाच्या, बाबा?"

"तुझ्या रे," मास्तर म्हणाले. "माझा कोण इचारता?"

नितीनने त्या मशीनवर एक हंगाम काम केले. मग जहाजावरून बोलावणे आले. मशीन त्याने दुकानात ठेवले.

त्याला सोडायला आम्ही कुडाळ स्टेशनवर गेलो. मास्तर पहिल्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले होते. गाडी दुसऱ्यावर येणार, अशी घोषणा झाली. नितीन बॅग उचलून पुलाकडे धावला. मास्तर चार पायऱ्या चढले आणि कठडा धरून उभे राहिले. ओळखीचा एक रिक्षावाला हसत म्हणाला, "काय मास्तरानू, तुमचोच प्लॅटफॉर्म चुकलो?"

"चुकलो," मास्तर म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी आली. नितीन पलीकडून चढून आमच्या बाजूच्या खिडकीशी आला आणि गजांतून ओरडला, "बाबा, मशीनातली ती पट्टी काढू नकात! मी इल्यावर काढतलंय."

मास्तरांनी सुजलेला हात वर केला. गाडी हलल्यावरही तो काही वेळ वरच होता.

ते पावसाळ्यात वारले. जहाज समुद्रात होते. अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर नितीन आला, तेव्हा दुकान रिकामे करायचे होते. त्याने मशीनचे झाकण उघडले. बाहेरचे स्क्रू तांबूस झाले होते. दोन मोकळ्या जागांवरची पट्टी तशीच होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, ती काढली नाही. झाकण परत लावले.

"हेका कोण गिऱ्हाईक बघशात?" त्याने मला विचारले. "प्लॅटफॉर्म नवो आसा. कोण रवणारो आसलो तर त्याका द्या."